३७ किलोंचा न्याय

मामा आणि मी एकाच खेळाचे भक्त, पण आमचे पंथ वेगळे. मामा पुण्यात राहतात. जूनमध्ये ल माँची २४ तासांची शर्यत फ्रान्समध्ये दुपारी चारला सुटते तेव्हा त्यांच्याकडे संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात, आणि भारतात बसून बघायला याहून सोयीची वेळ नाही. मी अमेरिकेत, अटलांटात. त्यामुळे माझी निष्ठा इम्सा मालिकेशी : जानेवारीत डेटोना, मग सेब्रिंग, आणि ऑक्टोबरात माझ्या घराजवळच्या रोड अटलांटावर दहा तासांची पेती ल माँ. मामांची मालिका म्हणजे डब्ल्यूईसी, जागतिक एंड्युरन्स स्पर्धा. पूर्वी या दोन घराण्यांच्या गाड्याच निराळ्या असायच्या. २०२३ पासून नियम जुळले, तीच पोर्श आणि तीच कॅडिलॅक दोन्हीकडे धावू लागली. भांडण मिटेल असं वाटलं होतं, पण ते आणखी टोकदार झालं. गाडी तीच म्हटल्यावर फरक उरतो तो फक्त न्यायाच्या कल्पनेचा.

मामांची नोकरी इंजिनांच्या चाचणी विभागात झाली. पावसाळा लागला की पुण्याच्या रेसकोर्सवर जायचं हा त्यांचा जुना शौक. इंजिनं आणि घोडे, दोन्ही पुढे कामाला येणार आहेत.

मी : मामा, ल माँच्या शताब्दीच्या शर्यतीत काय झालं ते एकदा तुमच्या तोंडून ऐकायचंय.

मामा : मुद्दाम मीठ चोळ. शर्यतीला दहा-अकरा दिवस उरले असताना टोयोटावर ३७ किलो चढवले. फेरारीवर २४, कॅडिलॅकवर ११, पोर्शवर ३. ल माँ होईपर्यंत कंपन्यांचे आकडे हलवायचे नाहीत असं ठरलेलं होतं, तरी हलवले. आणि ५० वर्षांनी सर्वोच्च गटात परतलेली फेरारी पहिल्याच फटक्यात जिंकली.

मी : मग ती जिंकली की जिंकवली?

मामा : जिंकली. शेवटच्या दोन तासांत टोयोटाचा हिराकावा आर्नाजच्या वळणावर घसरून भिंतीला लागला. ते काही ३७ किलोंनी केलं असं मी म्हणणार नाही.

मी : जास्तीच्या वजनाने ब्रेक तापले, म्हणून घसरला, असं कुणी म्हटलं तर?

मामा : खोडता येणार नाही. सिद्धही करता येणार नाही. या बीओपीचं विष तेच आहे बघ. हरणाऱ्याला जन्मभराची सबब मिळते आणि जिंकणाऱ्याला जन्मभराचा संशय.

(बीओपी म्हणजे बॅलन्स ऑफ परफॉर्मन्स. वेगवान गाडीला वजन वाढवून द्यायचं किंवा ताकद कमी करायची, मागे पडणाऱ्या गाडीला उलट. मोघम अंदाजाने नव्हे. चाकांकडे जाणाऱ्या दांड्यावर सेन्सर बसवून इंजिन किती जोर लावतंय ते क्षणाक्षणाला मोजलं जातं. दोन्ही मालिकांत हीच पद्धत आहे.)

मी : पण विषाशिवाय काय होतं तेही बघितलंय ना आपण. २०१६ संपताना आउडी गेली, २०१७ संपताना पोर्श गेली. २०१८ च्या ल माँमध्ये टोयोटा स्वतःशीच शर्यत लावत होती. तिसऱ्या नंबरची गाडी १२ लॅप मागे. ही तुमची निखळ गुणवत्ता. मैदानात एकच पैलवान, आणि तोच केसरी.

मामा : २०१८ सांगतेस, मग २०१६ ही सांग. टोयोटा १९८५ पासून ल माँला जात होती, एकदाही जिंकली नव्हती. त्या वर्षी कुठल्याही सवलतीशिवाय पुढे होती. जेमतेम तीन मिनिटं उरली होती, आणि नाकाजिमाच्या गाडीतली ताकद गेली. मुख्य स्टँडसमोर गाडी उभी. पोर्श शेजारून निघून गेली. बरं, दुसरा नंबर तरी मिळावा? तोही नाही. शेवटचा लॅप सहा मिनिटांच्या आत पूर्ण करायचा नियम होता, तिला जास्त लागली, म्हणून निकालाच्या यादीतच नाव नाही. पुण्यात संध्याकाळ झाली होती, जेवायची वेळ होत आली होती, आणि मी नुसता बसून राहिलो. पण एक सांगतो, त्या दिवशी कुणाच्याही मनात शंका नव्हती. टोयोटा हरली, कारण गाडी मोडली. बस्स.

मी : तुम्हाला तो क्रूरपणा आवडतो.

मामा : क्रूरपणा नाही आवडत, स्वच्छपणा आवडतो.

मामा इथे थोडे हळवे झाले होते हे मान्य करून मी त्यांच्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवलं. त्यांच्या कपाटात एका गाडीचं छोटं मॉडेल आहे, नारिंगी-हिरव्या चौकटींची माझदा ७८७बी. १९९१ ची विजेती, रोटरी इंजिनची.

मी : माझदा स्वच्छ होती?

मामा : तिला हात लावू नकोस.

मी : जग्वार आणि मर्सिडीजला १,००० किलोंचं बंधन होतं. माझदाला ८३० चालत होते. १७० किलो, मामा! टोयोटाच्या ३७ वर तुम्ही इतके चिडता, आणि १७० किलोंची सूट घेतलेली गाडी कपाटात ठेवता.

मामा : ती सूट मोसमाच्या आधी मिळाली होती. माझदाने मागितली, आणि बाकीच्यांनी मनावर घेतलं नाही, कारण रोटरीला कुणी मोजतच नव्हतं. आधी ठरलेली गोष्ट अन्याय नसते. निकालाकडे बघून बदललेली असते.

मी क्षणभर अडखळले. हा फरक मला तेव्हाही पटला, आजही पटतो. पण तो जितका भक्कम दिसतो तितका नाही.

मी : समजा तुमचं मान्य केलं. सगळं आधी ठरवायचं, मग हात लावायचा नाही. तर कंपन्या काय करतील? ठरवायच्या वेळी खरा वेग लपवतील. चाचणीला पाय सैल ठेवायचा, हलकं वजन पदरात पाडून घ्यायचं आणि शर्यतीत मोकळं सुटायचं. आधी ठरवलंत तर खोटं बोलणाऱ्याला बक्षीस. नंतर बदललंत तर मेहनत करणाऱ्याला शिक्षा. सांगा, कुठला अन्याय पत्करायचा?

मामा बराच वेळ बोलले नाहीत. मग रेसकोर्सवर गेले. म्हणजे बोलता बोलता गेले.

मामा : आमच्याकडे हे रोज चालतं. हँडिकॅप रेस म्हणजे काय? प्रत्येक घोड्याचं रेटिंग असतं. चांगल्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन, कच्च्याच्या पाठीवर कमी. सगळे एका रेषेत आले तर हँडिकॅपर खूश. आणि तू म्हणतेस तशी लबाडीही चालते. दोन रेस घोडा ओढून धरायचा, रेटिंग उतरवायचं, तिसऱ्या रेसला सोडायचा. त्यासाठी स्टुअर्ड बसलेले असतात, चौकशी होते, जॉकी बाद होतो. पण डर्बी वेगळी. महालक्ष्मीला इंडियन डर्बी धावते तेव्हा सगळ्यांना सारखं वजन, घोडीला तेवढी थोडी सूट. हँडिकॅप जिंकलेल्या घोड्यावर लोक पैसे लावतात, डर्बी जिंकलेल्याचं नाव लक्षात ठेवतात. दोन्ही लागतात. नुसत्या डर्बीवर रेसकोर्स चालत नाही.

मी : म्हणजे इम्सा हँडिकॅप आणि ल माँ डर्बी?

मामा : असायला हवं होतं. माझं दुखणं वेगळंच आहे. तुझ्या इम्साने कधी लपवलं नाही. आमचा खेळ चुरशीचा हवा, लोक शेवटच्या मिनिटापर्यंत खिळून राहायला हवेत, आणि त्यासाठी आम्ही तराजू हलवतो, असं ते उघड वागतात. ल माँवाले हँडिकॅप लावतात आणि डर्बी म्हणून विकतात.

मामांच्या तोंडून हे येईल असं मला वाटलं नव्हतं. जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता, पण ते लगेच माझ्या अंगणात घुसले.

मामा : आता तुझ्याकडचं बघू. गाडीचं वजन एक वेळ सोसेन. पण तुम्ही वेळ पुसता, त्याचं काय? कुठे गाडी अडकली की पिवळे दिवे, सगळे सेफ्टी कारच्या मागे. रात्रभर राबून कमावलेली दीड मिनिटाची आघाडी खलास. वर वेव्ह-बाय : एक लॅप मागे पडलेल्याला पुढे सोडून त्याचा लॅप परत. मग २४ तास कशाला धावायचं? शेवटचा तास धावा आणि घरी जा.

मी : डेटोनाचा लॅप किती मोठा?

मामा : पावणेसहा किलोमीटर.

मी : म्हणजे साधारण दीड मिनिटाचा. एक पंक्चर, आणि गाडी लॅपभर मागे. ल माँचा लॅप साडेतेरा किलोमीटरचा, साडेतीन मिनिटांचा. तिथे तीन मिनिटं गमावूनही गाडी आघाडीच्या लॅपवरच राहते. तुमचा ट्रॅक लांब आहे म्हणून तुम्हाला दया दाखवावी लागत नाही, मामा. ती जमिनीतच पुरलेली आहे. आम्हाला ती नियमात लिहावी लागते.

मामा : आणि पंक्चर मुल्सानच्या लांब सरळ पट्ट्याच्या सुरुवातीला झालं तर? निम्म्याहून जास्त ट्रॅक लंगडत यावं लागतं. तेव्हा कुठे जाते ती दया?

मी : मान्य. पण ल माँनेही २०२३ पासून मागे पडलेल्यांना सेफ्टी कारच्या पुढे सोडायला सुरुवात केली. २०२४ ला पावसात, रात्री चार तासांहून जास्त वेळ सगळे सेफ्टी कारमागे रांगेत होते. संपताना नऊ गाड्या एकाच लॅपवर! २४ तासांनंतर नऊ!

मामा : त्या नऊ बघून मला आनंद झाला, आणि आनंद झाल्याचं वाईट वाटलं.

या वाक्यावर मला एक प्रबंध लिहिता येईल. प्रेक्षक म्हणून जे हवं असतं आणि न्यायाधीश म्हणून जे मान्य असतं, ते एकाच माणसात गुण्यागोविंदाने नांदत नाही. अमेरिकेतल्या जुन्या चाहत्यांनी हे प्रत्यक्ष भोगलंय. १९९९ मध्ये डॉन पॅनोझने ल माँच्या नियमांवर अमेरिकन ल माँ मालिका काढली. त्याच सुमारास नॅसकारवाल्या, फ्रान्स आडनावाच्या घराण्याच्या पाठबळाने ग्रँड-अ‍ॅम उभी राहिली. एकीकडे आउडीसारख्या देखण्या, महाग आणि वर्षानुवर्षं अजिंक्य गाड्या. दुसरीकडे २००३ पासून नळ्यांच्या सांगाड्याचे, स्वस्त, बेढब प्रोटोटाइप, आणि शर्यती मात्र चुरशीच्या. पहिल्या बाजूचे लोक दुसऱ्यांना सर्कसवाले म्हणत, दुसरे पहिल्यांना घमेंडी. २०१४ मध्ये दोन्ही एक झाल्या, तेव्हा दोन्हीकडचे म्हणाले, आमचं गेलं. माझ्या मते दोघंही खरं बोलत होते.

मामा : तुझ्या इम्साचा उघडेपणा म्हणालो खरा, पण २०२३ चं डेटोना विसरलो नाही मी. जिंकलेल्या अ‍ॅक्युराच्या संघाने टायरमधल्या हवेच्या दाबाचे आकडे फिरवले होते. नंतर उघड झालं. २०० गुण कापले, ५०,००० डॉलर दंड, बक्षिसाची रक्कम गेली. आणि विजय? तो त्यांच्याच नावावर!

मी : त्याचं समर्थन मी करत नाही. तो विजय काढून घ्यायला हवा होता.

मामा : का? तुझ्या हिशेबाने खेळ चुरशीचा झाला ना?

मी : मामा, तराजू कुणी हलवला ते महत्त्वाचं आहे. पंचाने सगळ्यांसमोर हलवला तर तो नियम. स्पर्धकाने अंधारात हलवला तर ती चोरी.

मामा : सगळ्यांसमोर म्हणालीस. मग आमच्याकडचं एक ऐक, हे मला कुठल्याही वजनापेक्षा जास्त खुपतं. डब्ल्यूईसीच्या नियमातच लिहिलंय की बीओपीबद्दल संघांनी जाहीर बोलायचं नाही. रेसकोर्सवर घोड्याला जास्त वजन लागलं तर मालक पॅडॉकमध्ये उभा राहून हँडिकॅपरच्या नावाने शंख करतो. कुणी त्याचं तोंड धरत नाही. इथे कोट्यवधी युरो खर्च करणारी कंपनी तक्रारसुद्धा करू शकत नाही. ज्याच्यावर वजन चढवलं तोच मुका.

मी : मग त्याच्या वतीने बोलायचं कुणी?

मामा : तू आणि मी बोलतोय ना केव्हाचे. दोन्ही मालिकांचे चाहते एकमेकांच्या उरावर बसतात त्याला लोक हसतात. पण हरकत नोंदवायला दुसरी जागाच नाही. फेरारीचा माणूस बोलू शकत नाही, टोयोटाचा बोलू शकत नाही. आपण मालिकांची तुलना करतो तेव्हा कुठे दुसऱ्या तऱ्हेचा न्यायही असू शकतो एवढं तरी दिसतं.

मी : तरी एक राहिलंच. पोर्श. १९ वेळा ल माँ जिंकलेली कंपनी. ९६३ या गाडीने तिने डेटोना २०२४ ला जिंकली, २०२५ लाही. ल माँ मात्र एकदाही नाही. २०२५ ला दुसरी आली, कुबिकाच्या पिवळ्या फेरारीच्या मागे. आणि ते वर्ष संपताना डब्ल्यूईसी सोडली, इम्सा ठेवली.

मामा : हँडिकॅपला कंटाळून गेली म्हणावं, तर हँडिकॅप दोन्हीकडे.

मी : दोन्हीकडे.

मामा : किती फरकाने हरली ती?

मी : १४ सेकंद.

मामा : २४ तासांत १४ सेकंद. किती किलोंचे होतात ते?

मी : असं काढता येत नाही, मामा. पाऊस, टायर, रहदारी, ड्रायव्हरची झोप...

मामा : थांब, कागद घेतो. फेरारीने लॅप किती मारले ते सांग.