गैरहजरांचा वाटा

शहराच्या कारभारात लोकांचा सहभाग आणि शहराचा शाश्वत विकास ही दोन उद्दिष्टे बहुधा एका दमात उच्चारली जातात. जून १९९२ मध्ये रिओ परिषदेने ‘अजेंडा २१’ स्वीकारला. स्थानिक संस्थांनी रहिवाशांशी बोलून आपापला आराखडा करावा, असे त्यात सुचवले होते. त्याच वर्षी डिसेंबरात भारतीय संसदेने ७४ वी घटनादुरुस्ती मंजूर केली. तिने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांकडे सोपवता येतील असे १८ विषय आहेत आणि पर्यावरणाचे रक्षण त्यांपैकीच एक. कागदावर जोडी जमली. तत्त्वाच्या पातळीवर ती इतकी सहज जमत नाही. सहभागाचा पाया हजेरी हा आहे: ज्याच्यावर निर्णयाचा परिणाम होणार, त्याला तो घेताना बोलता आले पाहिजे. शाश्वतता उभी आहे ती गैरहजरांविषयीच्या कर्तव्यावर. १९८७ च्या ब्रुंटलांड अहवालातली तिची व्याख्या पुढच्या पिढ्यांच्या गरजा धरून केलेली आहे, आणि पुढची पिढी कोणत्याच सभेला येत नाही. हजर असलेल्यांनी गैरहजरांच्या वाट्याचे ठरवावे का, आणि ठरवावे तर कोणत्या अधिकाराने, हा या विषयातला खरा तात्त्विक पेच आहे.

हजर असलेल्यांची बाजू जुनी आणि भक्कम आहे. प्लेटोला राज्य हे जहाजासारखे वाटे. सुकाणू जाणत्याच्या हाती हवे, खलाशांच्या मतमोजणीवर जहाज चालत नाही. ॲरिस्टॉटलने ‘पॉलिटिक्स’मध्ये त्याला दिलेले उत्तर आजही नगररचनेच्या कार्यालयात टांगून ठेवावे असे आहे: घर कसे बांधले आहे हे गवंड्यापेक्षा त्यात राहणाऱ्याला जास्त कळते आणि जेवण कसे झाले हे आचाऱ्यापेक्षा जेवणाऱ्याला. मुंबईच्या २०१४ ते २०३४ या काळाच्या विकास आराखड्याने याचा पुरावाच दिला. २०१५ च्या फेब्रुवारीत मसुदा प्रसिद्ध झाला, तेव्हा उभ्या इमारतींवरून रस्ते आखलेले निघाले, असलेल्या वास्तू नकाशात चुकीच्या नोंदल्या गेल्या होत्या. हजारो हरकती आल्या आणि एप्रिलमध्ये राज्य सरकारने महापालिकेला तो मसुदा मागे घ्यायला लावले. तज्ज्ञांनी केलेल्या चुका रहिवाशांनी काही आठवड्यांत शोधल्या, कारण त्यांना त्या शोधाव्या लागल्या नाहीत. ते त्या जागी राहत होते.

मात्र हरकत घेणे आणि ठरवणे यांत अंतर आहे. हरकती-सूचनांच्या पद्धतीत प्रश्न प्रशासन विचारते आणि निकालही बहुतांशी तेच देते. पुणे महापालिकेने २००६ मध्ये अंदाजपत्रकात नागरिकांनी सुचवलेली कामे घेण्याची पद्धत सुरू केली. नागरिकाने क्षेत्रीय कार्यालयातून अर्ज घ्यायचा, काम आणि जागा लिहायची, अर्ज परत द्यायचा; छाननी अधिकारी करणार, मग यादी प्रभाग समितीपुढे जाणार. कामाच्या खर्चाला मर्यादा होती, काही लाखांची. एवढ्या रकमेत बसते ते म्हणजे पदपथाची दुरुस्ती, बाक, दिवे, नामफलक. सांडपाण्याची वाहिनी कुठून न्यायची, नदीकाठाचे काय करायचे, बस घ्यायच्या की उड्डाणपूल बांधायचा, हे प्रश्न त्या अर्जाच्या रकान्यात मावत नाहीत. त्यामुळे ज्या निर्णयांवर शहराचे पुढच्या पन्नास वर्षांचे आयुष्य अवलंबून आहे, ते सहभागाच्या बाहेरच राहिले. बाक मागणाऱ्या नागरिकाला दूरदृष्टी नाही असा ठपका ठेवणे अन्यायाचे आहे. त्याला बाकापुरतेच विचारले होते.

ब्राझीलमधल्या ज्या पोर्तो अलेग्रे शहरापासून या पद्धतीचा प्रसार झाला, तिथली रचना वेगळी होती. १९८९ मध्ये तिथे वर्कर्स पार्टीच्या महापौरांनी ती सुरू केली. वस्त्यांच्या सभा, त्यांतून निवडलेले प्रतिनिधी आणि वाटपाचे आधी ठरवलेले सूत्र, अशी तिची चौकट होती. एखाद्या भागाला किती निधी मिळावा हे तिथली लोकसंख्या, सुविधांचा अभाव आणि सभेने ठरवलेला अग्रक्रम यांना गुण देऊन ठरे. ज्या वस्तीत गटारे नाहीत तिला सभेत मोठ्याने बोलता येवो न येवो, गुण मिळत. तत्त्वचिंतकाने थांबून पाहावे अशी ही जागा आहे: आपण कसे वाटप करू, हे सभेने मागण्या येण्याआधीच ठरवून स्वतःला बांधून घेतले होते. २०१७ मध्ये तिथल्या प्रशासनाने ही पद्धत स्थगित केली, म्हणजे केवळ परंपरेच्या बळावर ती टिकली नाही हेही खरे.

अशा बांधून घेण्याची गरज का पडते, याचे सर्वांत कठोर उत्तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ४ नोव्हेंबर १९४८ च्या संविधान सभेतल्या भाषणात आहे. गाव हा राज्यव्यवस्थेचा मूळ घटक करावा, या मागणीला त्यांनी विरोध केला, कारण जवळच्यांची सत्ता ही दूरच्या सत्तेपेक्षा आपोआप न्याय्य असते, हे त्यांना मान्य नव्हते. गांधीजींना समुद्रातल्या एकाभोवती एक पसरणाऱ्या वर्तुळांसारखी समाजरचना दिसत होती. आंबेडकरांना त्याच वर्तुळात बाहेर ठेवलेली माणसे दिसत होती. शहरात गावकुसाची जागा सोसायटीचे फाटक घेते. मोहल्ल्याच्या सभेत फेरीवाले हटवा, सार्वजनिक शौचालय इथे नको, असे ठराव एकमताने होऊ शकतात, कारण फेरीवाला त्या वेळी गाडीवर उभा असतो आणि शौचालय ज्यांना हवे ते बोलावलेलेच नसतात.

आणि गैरहजर माणसे कधी कधी फक्त काही किलोमीटर लांब असतात. पुण्याचा कचरा अनेक दशके उरुळी देवाची आणि फुरसुंगी इथे टाकला गेला. तिथल्या विहिरींचे पाणी बिघडले, ग्रामस्थांनी कचऱ्याच्या गाड्या अनेकदा अडवल्या. पण या काळात बहुतेक वर्षे ती गावे महापालिकेच्या हद्दीबाहेर होती; कचरा पुण्याचा आणि पुण्याच्या महापालिकेत त्यांचे मत शून्य. २०१७ मध्ये ती हद्दीत घेतली गेली, पुढे वेगळ्या नगर परिषदेसाठी वगळली गेली. पुणेकरांच्या सर्व सभा नियमाप्रमाणे भरल्या असत्या, तरीही हा अन्याय त्यांत दिसला नसता. हद्द हीसुद्धा हजेरीपटाचाच एक प्रकार आहे.

काळाने दूर असलेल्यांचा प्रश्न याहून अवघड. इंग्रज तत्त्वज्ञ डेरेक पारफिट याने १९८४ मध्ये त्याची अडचण नेमकी दाखवली: आपण वेगळे धोरण घेतले तर पुढे जन्मणारी माणसेच वेगळी असतील, मग आपल्या धोरणाने अमुक एकाचे नुकसान झाले असे म्हणायचे कसे? हक्काच्या भाषेत हे कोडे सुटत नाही. भारतीय परंपरेतली ऋणाची कल्पना इथे उपयोगी पडते. पितृऋण पितरांना परत करता येत नाही. ते संततीच्या रूपाने, म्हणजे पुढच्यांकडेच फेडायचे असते. घेणेकरी कोण, हे आधी माहीत असण्याची गरज नाही. विहिरी, तळी आणि बागा यांची उभारणी धर्मशास्त्राने ‘पूर्त’ म्हणून पुण्यकर्मात गणली, तीही कोणा ठरावीक लाभार्थ्यासाठी नव्हे. या परंपरेचा एक दोष नजरेआड करता येत नाही. जातिव्यवस्थेत तळे सर्वांसाठी बांधले असे म्हणताना सर्वांत कोण बसते हे आधीच ठरलेले असे. १९२७ चा महाडचा सत्याग्रह त्याच प्रश्नावर झाला. तेव्हा ऋणाची कल्पना घ्यायची ती समतेच्या अटीवर.

कल्पना कारभारात उतरवण्याचे प्रयोगही झाले आहेत. जपानमधल्या याहाबा या छोट्या नगरात २०१५ मध्ये रहिवाशांच्या काही गटांना आपण २०६० सालातले रहिवासी आहोत असे समजून नगराचे धोरण सुचवायला सांगितले गेले. वर्तमानाच्या बाजूने बोलणारे गट तातडीच्या सोयी मागत राहिले. भविष्यात बसवलेले गट दीर्घ पल्ल्याच्या आणि अवघड कामांकडे वळले. माणसे एकाच नगरातली. बदलली ती फक्त सोपवलेली भूमिका. याच वर्षी वेल्सने भावी पिढ्यांच्या हिताचा कायदा करून त्यासाठी स्वतंत्र आयुक्त नेमण्याची तरतूद केली.

पुण्याच्या वेताळ टेकडीवरून रस्ता आणि बोगदे नेण्याच्या प्रस्तावाविरुद्ध २०२३ मध्ये हजारो नागरिक रस्त्यावर उतरले, तेव्हा ही भूमिका कोणी सोपवली नव्हती. दख्खनच्या बेसाल्टमध्ये पाणी भेगांत आणि सच्छिद्र थरांत साठते. टेकडीवर मुरलेले पाणी खालच्या सोसायट्यांच्या बोअरला लागते. हे त्या चळवळीत सामान्य फिरणाऱ्यांच्याही तोंडी होते. एलिनॉर ऑस्ट्रॉमने सामायिक संपत्तीच्या अभ्यासातून दाखवले ते हेच: वापरणारे अविचारीच असतात असे नाही. नियम करण्यात त्यांचा हात असेल, देखरेख त्यांच्या डोळ्यांसमोर होत असेल आणि मोडणाऱ्याला दंड बसत असेल, तर कुरणे, जंगले आणि पाटाचे पाणी पिढ्यानपिढ्या टिकते.

म्हणून सभेचा अधिकार काढून तो तज्ज्ञांकडे किंवा आयुक्तांकडे द्यावा, हा या पेचावरचा उपाय ठरत नाही. गैरहजरांचा कळवळा प्रशासनाला जास्त असतो, असा अनुभव कुठल्याही शहराचा नाही. सभेकडे मोठ्या कामांचा पैसा आणि माहिती द्यावी. त्याचबरोबर नदी, टेकडी, भूजल आणि वंचित वस्त्यांचा किमान वाटा यांना हात लावता येणार नाही, अशी मर्यादा आधीच लिहून ठेवावी. महाराष्ट्राने २००९ मध्ये प्रभागातल्या मतदारांच्या क्षेत्रसभांची तरतूद कायद्यात केली. त्या सभा शहरांत रुजल्या नाहीत, आणि २०२२ मध्ये मुदत संपल्यानंतर मुंबई-पुण्याच्या महापालिकांवर वर्षानुवर्षे प्रशासक होते.