नामी परतली, रूथ राहिली

शास्त्रपाठ : रूथ १ व २, लेवीय १९:९-१०, ३३-३४



अमुक घरचा मुलगा अमेरिकेत स्थायिक झाला, असे आपण सहज म्हणतो. कायदा तसे म्हणत नाही. तेथील १९५२ च्या कायद्याप्रमाणे शिक्षणाच्या अथवा नोकरीच्या व्हिसावर गेलेला मनुष्य अनेक वर्षे राहिला तरी तात्पुरताच. ग्रीन कार्ड मिळाले म्हणजे तो कायमचा रहिवासी ठरतो. याउलट बीडहून हैदराबादेस कामासाठी आलेला मजूर हा स्थलांतरित. त्याला व्हिसा नको. भारतात कोठेही राहण्याचा हक्क त्याला राज्यघटनेच्या १९ व्या कलमाने दिला आहे.

पवित्र शास्त्रातही असे दोघे दिसतात. दुष्काळामुळे नामी मवाबात गेली आणि सुमारे दहा वर्षांनी स्वदेशी परतली. त्याच वाटेने रूथ आली, पण कायमची राहण्यास. नामीला गाव ओळखत होते. रूथ बवाजापुढे स्वतःला परकी म्हणवते. तरी दोघींच्या पोटात एकाच शेतातला सरवा गेला. गरिबासाठी व उपऱ्यासाठी सरवा ठेवावा, अशी देवाची आज्ञा होती. वेचणारा किती दिवस राहणार, हे तीत विचारलेले नाही.

आता आपल्या शहराकडे पाहू. १ मे २०२० रोजी, टाळेबंदीत, लिंगमपल्लीहून झारखंडातील हटियाला पहिली श्रमिक गाडी सुटली. तीत सुमारे १२०० मजूर होते. येथे राहण्याचा हक्क त्यांना होता. पण रोजगार बुडताच शहर परके झाले.

उपऱ्यावर प्रीती करा असे सांगताना देवाने इस्राएलास मिसरातील दिवसांची आठवण दिली. आपणांसही आठवण आहे. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात गेला. हैदराबादेतील मराठी कुटुंबे जागची हलली नाहीत, सरहद्द हलली.

भेद करणे हे कायद्याचे काम आहे. ते त्याने करावे. आपण मंडळीने सरवा ठेवावा. विद्यानगरात बांधकामावर आलेल्या कुटुंबाचे मूल रविवारच्या शाळेत आले, तर चार महिन्यांनी जाणार म्हणून शिक्षकांनी त्याचे नाव हजेरीबाहेर ठेवू नये. नाताळच्या कार्यक्रमात त्यालाही भाग द्यावा. ते आजारी पडले तर त्याच्या घरी जावे.

मत्तयाने त्या परक्या रूथचे नाव प्रभूच्या वंशावळीत लिहिले आहे. आपल्या हजेरीपटावर एक नाव लिहिण्यास प्रभू आपणांस मन देवो. आमेन.