निकालापूर्वीचे दिवस

“मन प्रसन्न ठेवा, ताण घेऊ नका, म्हणजे यश येईल,” हे वाक्य मूल व्हावे म्हणून इस्पितळाची पायरी चढणाऱ्या स्त्रीला सासरच्या वडीलधाऱ्यांपासून शेजारणीपर्यंत इतक्या मुखांतून ऐकावे लागते की, उपचार निष्फळ ठरल्याच्या दिवशी ती प्रथम आपल्या मनाचीच झडती घेऊ लागते. सदिच्छेने उच्चारलेल्या या वाक्याच्या पोटात एक क्रूर आरोप दडलेला आहे. आणि तो निराधारही आहे. चौदा अभ्यासांतील ३५८३ स्त्रियांच्या माहितीचे जे एकत्रित परीक्षण २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात उपचारापूर्वीची चिंता वा खिन्नता आणि गर्भधारणेतील अपयश यांचा संबंध आढळला नाही.

मग मनाची निगा राखावयाची ती कशासाठी, असा प्रश्न व्यवहारी माणूस विचारील. दुःख हे दुःख आहे एवढ्याचसाठी, असे माझे उत्तर आहे.

या ‘टेस्ट ट्यूब बेबी’च्या उपचाराचा क्रमच पाहा. ऋतुस्रावाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून रोज ठरावीक वेळी पोटात सुई टोचून घ्यावयाची, दर दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफीच्या पडद्यावर स्त्रीबीजे किती वाढली ते पाहावयाचे, अखेरचे इंजेक्शन नेमल्या घटकेस घेऊन सुमारे छत्तीस तासांनी भुलेखाली ती बीजे काढू द्यावयाची, प्रयोगशाळेतून किती फलित झाली याची वार्ता येईपर्यंत श्वास रोधून बसावयाचे, आणि तिसऱ्या वा पाचव्या दिवशी गर्भ गर्भाशयात सोडला की रक्ततपासणीपर्यंत सुमारे दोन आठवडे केवळ थांबावयाचे. दोष पतीच्या बीजात असला तरी सुया पत्नीलाच टोचल्या जातात; पतीचे शल्य मात्र बहुधा कोणी विचारीतही नाही. जोवर सुया चालू असतात तोवर तिच्याभोवती माणसे असतात. परंतु त्या अखेरच्या मुदतीत, जेव्हा प्रत्येक कळ, प्रत्येक डाग शकुन-अपशकुन होऊन बसतो, तेव्हा ती आपल्या स्वयंपाकघरात एकटी असते. शरीराला विश्रांती मिळते ती वेळ मनाला सर्वांत जड जाते, आणि इस्पितळाची मदत पोचावयास हवी ती नेमकी तेथेच.

या विद्येचा इतिहास आपण जन्मतारखांनी सांगतो: १९७८ च्या जुलैत इंग्लंडातील ओल्डहॅम येथे जगातील पहिली ‘टेस्ट ट्यूब बेबी’ लुईस ब्राउन, १९८६ च्या ऑगस्टात परळच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा व त्यांच्या सहकाऱ्यांच्या परिश्रमाने जन्मलेली कन्या. परंतु ओल्डहॅमला १९६९ ते १९७८ या काळात या विद्येचे प्रवर्तक स्टेप्टो, एडवर्ड्‌स आणि जीन पर्डी यांच्या प्रयोगांत २८२ स्त्रिया सहभागी झाल्या आणि त्यांतून बालके जन्मली ती दोन. उरलेल्या २८० जणी कोणत्या मनाने घरी परतल्या असतील? त्यांच्या धैर्यावाचून ही विद्या उभी राहिली नसती.

आपल्याकडील २०२१ च्या सहायक प्रजननविषयक कायद्याने यशाची शक्यता, खर्च, दुष्परिणाम यांविषयी दांपत्याचे समुपदेशन करणे चिकित्सालयांवर बंधनकारक केले, ही उत्तम तरतूद होय. तथापि तिचे पर्यवसान संमतिपत्राखालील सहीत होणे फार सोपे आहे. आणि शिवाय ही तरतूद मुख्यतः उपचाराच्या आरंभीची, तर खरी कसोटी निकालाच्या दिवसाची.

त्या दिवशी ‘रिपोर्ट निगेटिव्ह आहे, पुढच्या महिन्यात या’ एवढे फोनवर कळवून काम संपवू नये. बाळांच्या हसऱ्या छायाचित्रांनी मढविलेल्या दालनातून तिला जावे न लागेल अशी एक वेगळी खोली असावी; पतीलाही सोबत बोलवावे; तिला नावाने ओळखणारी एखादी पोक्त परिचारिका तेथे बसावी; आणि त्या अर्ध्या तासात पुढची तारीख कोणी काढू नये.