ठेव देवाच्या नावची, कर्ज घराच्या नावचे

मुक्ताईची पालखी देऊळगाव राजाकडून जालन्यास येते आणि पुढे अंबडवरून बीडची वाट धरते. या वाटेवरच्या एका माळकरी गृहस्थांनी दिंडीच्या पंगतीसाठी म्हणून वर्षानुवर्षे थोडी थोडी रक्कम बाजूला टाकली. घरखर्चातली शिल्लकही त्यातच पडत गेली आणि आज ती ठेव चार लाखांवर आली. पण त्यांच्या घरावर बँकेचे कर्जही आहे. ते आम्हांस विचारतात, "ही रक्कम कर्जात भरावी, की देवाच्या नावची म्हणून तशीच राहू द्यावी? हात लावला तर पाप नाही ना लागायचं?"

असे पुष्कळांच्या मनात असते. बोलून दाखवीत नाहीत, इतकेच.

आधी हिशेब पाहू. हिशेब म्हटला की आपली माणसे टाळ उचलतात! पण वाण्याच्या घरी जन्मलेल्या तुकोबांच्या संप्रदायात हिशेबाची लाज कशाला? या गृहस्थांनी दहा लाख रुपये शेकडा ९ दराने वीस वर्षांच्या मुदतीने घेतले. हप्ता महिना सुमारे ९,००० रुपये. पहिल्या हप्त्यातले ७,५०० व्याजातच गेले, मुद्दल फिटले दीड हजार. बारा वर्षांत जवळजवळ १३ लाख भरून झाले, तरी अजून ६ लाख १४ हजार शिल्लक आहेत. जुन्या शास्त्रकारांनी दामदुपटीचा नियम घातला होता, की एका वेळी वसूल करायचे व्याज मुद्दलापेक्षा अधिक असू नये. हप्त्यांच्या व्यवहारास तो लागू पडत नाही, हे खरे. पण वीस वर्षांत व्याज मुद्दलाला मागे टाकते ते टाकतेच.

उलट ठेवीवर त्यांस शेकडा साडेसहा मिळतात, म्हणजे वर्षाचे २६,००० रुपये. तेच चार लाख कर्जात भरले तर ३६,००० रुपये व्याज वाचते. म्हणजे देवाच्या नावाने ठेवलेल्या पैशापायी वर्षाला दहा हजार रुपये हकनाक जातात. ते देवाला पोचत नाहीत, वारकऱ्याच्या पानातही पडत नाहीत.

यावर कोणी म्हणेल, धर्माच्या गोष्टीत नफातोटा बघू नये. त्यांस आम्ही दामाजीपंतांची कथा आठवून देतो. दुष्काळात पंतांनी बादशहाचे धान्य भुकेलेल्यांस वाटले. पुण्यच ते! पण धान्य दुसऱ्याचे होते. तेव्हा पांडुरंगाने काय केले? हे सारे मिथ्या आहे असे सांगितले नाही. विठू महार होऊन तो बेदरास गेला, रक्कम मोजून दिली आणि रीतसर पावती घेतली. भक्ताच्या नावावर देणे राहू नये याची देवालाच एवढी काळजी! तुकोबांनी खते इंद्रायणीत बुडवली, तीही आपल्या वाट्याची. भावाचा वाटा त्याला दिला. सोडून देण्याचा अधिकार घेणेकऱ्याचा. देणेकऱ्याने त्या कथेकडे बोट दाखवू नये.

मग सगळेच भरून मोकळे व्हावे काय? आमचाही कल तिकडेच होता. पण त्या गृहस्थांची घरधनीण म्हणाली, "हातात काहीच न ठेवता कसं चालेल? तेरा साल विसरलात का?" आम्ही गप्प झालो. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. ज्यांच्या हाती रोकड नव्हती ते टँकरच्या पाण्यासाठी सावकाराकडे गेले. महिना शेकडा तीन म्हणजे वर्षाला छत्तीस. नऊचे व्याज वाचवायला जाऊन छत्तीसचे गळ्यात बांधून घ्यायचे, यात कसले आले शहाणपण? त्या बाईला आम्ही मनोमन नमस्कार केला.

म्हणून आमचे मत असे पडले की तीन लाख भरावेत आणि एक लाख दुखण्याखुपण्याला, अवर्षणाला हाताशी ठेवावा. हप्ता आहे तोच चालू ठेवला तर उरलेली आठ वर्षांची फेड साडेतीन वर्षांच्या आत उरकते. मात्र रक्कम भरताना 'हप्ता कमी करू नका, मुदत कमी करा' असे बँकेस लेखी द्यावे. बदलत्या व्याजदराच्या घरकर्जावर मुदतीआधी फेडल्याचा दंड घेण्यास रिझर्व्ह बँकेने २०१२ सालीच बँकांना मनाई केली आहे, तेव्हा ती भीती नको. काही बँकांत कर्जखात्यातच शिल्लक ठेवण्याची सोय असते. तिथे व्याजही घटते आणि गरजेला पैसे परत काढता येतात. नव्याने कर्ज घेणाऱ्याने हे विचारून घ्यावे, दरही पाहावा. पण हात सैल असेल त्याने त्या वाटेला जाऊ नये.

राहिला पंगतीचा संकल्प. तो मोडू नये, पण त्याचा आकार आपल्याला बदलता येतो. ते म्हणाले, "पाचशे पानं उठवायची होती हो." आम्ही विचारले, पाचशे कोणासाठी? ते हसले आणि खाली बघू लागले. ठेवीच्या पावत्या काढून बघण्यात एक सुख असते, आणि मोठ्या पंगतीच्या बोलबाल्यातही असते. ही दोन्ही सुखे आम्हांलाही ठाऊक आहेत, म्हणून त्यांना दोष देत नाही.

यंदा पालखी येईल तेव्हा त्यांच्या दारात पिठलं-भाकरी आणि प्यायला गार पाणी असेल, पन्नास पानांपुरते. भाकऱ्या थापायला शेजारच्या चौघीजणी येणार आहेत.