कळसूची अट

कळसू ही कोळ्याची पोर. डोंगराच्या पायथ्याच्या गावात पाटलाच्या घरी ती कामाला राहिली. राहण्याआधीच तिनं सांगून टाकलं होतं: पडेल ते काम करीन, पण भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही. एक दिवस तिला नेमकी हीच कामं सांगण्यात आली. तिनं ती केली आणि डोंगराची वाट धरली, ती कायमची. भांडी घासली ती जागा थाळेमेळ आणि केर काढला तो काळदरा, असं तिथली माणसं सांगतात. गावागणिक कथेचे तपशील थोडे बदलतात. अट मात्र मी ऐकलेल्या प्रत्येक कथेत होती.

ती जिथं जाऊन राहिली ते कळसूबाईचं शिखर १६४६ मीटर उंच आहे, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच. कॉलेजच्या वयापासून मी मित्रांबरोबर तिथं जात आलो आहे. रात्रीची कसारा लोकल, पुढे जीप, उजाडायच्या आत बारी गाव. पाठीवर सॅक, हातात टॉर्च, मग त्या लोखंडी शिड्या. शेवटच्या टप्प्याआधी विहीर लागते, तिथं सगळे थांबतात. वर पोचल्यावर एका बाजूला अलंग, मदन आणि कुलंग, दुसरीकडे रतनगड, खाली भंडारदऱ्याचं पाणी. तिच्या देवळात वाकूनच जावं लागतं. आम्हीही वाकतो, हात जोडतो आणि खाली उतरतो.

डोंगर माणसाला नम्र करतो, असं आम्ही ट्रेकर मंडळी एकमेकांना फार सांगतो. मीही सांगितलं आहे. ते खोटं नाही. चढावर आमच्यात एक रीत आहे: सगळ्यांत हळू चालणारा पुढे आणि बाकीचे त्याच्या पावलानं. कुणाची दमछाक झाली तर त्याच्या सॅकमधलं सामान न बोलता चौघांच्या सॅकमध्ये जातं. पाणी शेवटच्या घोटापर्यंत वाटून पितात. तिथं मी बरा माणूस असतो, याची मला खात्री आहे. प्रश्न आहे तो खाली उतरल्यावरचा.

उतरलो की बारीत एखाद्या घरी जेवण सांगितलेलं असतं. भाकरी, पिठलं, ठेचा, भात. भूक अशी की कुणी मान वर करत नाही. जेवून आम्ही पडवीत आडवे होतो आणि घरातल्या वहिनी मागच्या अंगणात आमची ताटं घेऊन बसतात. पंधरा-वीस जणांची ताटं, वाट्या, पेले आणि मोठी पातेली. पावसाळ्यात या पट्ट्यात पाणी कोसळतं, पण उन्हाळ्यात इथल्या कितीतरी पाड्यांवर बायांना हंडे घेऊन चालावं लागतं. ताटं त्याच पाण्यानं धुतली जातात. आणि वर डोंगरावर? आमच्यासारख्यांनी टाकलेल्या बाटल्या आणि वेष्टनं गावातली पोरं पोत्यात भरून खाली आणतात. कळसूनं दोनच कामं नाकारली होती, आणि तिच्याच डोंगरावर आम्ही नेमकी तीच दोन मागे ठेवतो.

हे एकदा मी बोलून दाखवलं तेव्हा एक मित्र म्हणाला, ‘‘अरे, पैसे देतो की आपण. त्यांच्या घरात चार पैसे येतात ते आपल्यामुळेच.’’ त्याचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. त्या घराला ते पैसे हवे असतात, आणि एखाद्या रिसॉर्टपेक्षा ते बारीतल्या चुलीपाशी गेलेले कधीही चांगले. पण त्या पैशानं जेवणाचं देणं फिटतं. ‘हे काम मी करणार नाही’ असं म्हणायची मुभा त्या बाईला आहे का, याचं उत्तर त्यातून मिळत नाही. कळसूही चाकरीलाच होती. चाकरी करूनही अट घालता येते असं तिला वाटलं, आणि मला तिचं मोठेपण तिच्या देवपणापेक्षा या वाटण्यात दिसतं.

मग मी स्वतःला विचारलं: ती माझ्या दारात आली असती तर?

हा प्रश्न कल्पनेतला राहिला नाही. आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या ताईंनी एक दिवस सांगितलं, ‘‘दादा, बाकी सगळं करते, पण संडास-बाथरूम नाही धुणार.’’ आवाज साधा होता, त्यात उर्मटपणा नव्हता. माझ्या मनात पहिला विचार आला तो ‘दुसरी बाई बघावी लागेल’ हा. दुसरा विचार पगाराचा: मग तेवढाच कशाला द्यायचा? शिखरावरच्या देवळात वाकलेला मी आणि हा हिशेब करणारा मी एकच माणूस. ज्या अटीपायी एक मुलगी देवी झाली, ती अट माझ्या स्वयंपाकघरात मला अडचण वाटली. घर तेव्हा पाटलाचं होतं, आज माझं आहे, एवढाच फरक.

चढताना मित्राचं ओझं मी घेतो, कारण तो माझा आहे. त्यात मोठेपणा नाही, ती माया आहे. जिचं-माझं नातं फक्त पगाराचं आहे, तिचं ओझं हलकं करायची वेळ आली की माझी नम्रता आटते. हे मला मान्य करावं लागलं, आणि ते मान्य करायला कुठलाही चढ पुरला नव्हता.

आता बारीत आम्ही आपली ताटं आपण धुतो. वहिनींना आधी संकोच वाटला. ‘‘राहू द्या दादा, तुम्ही पाव्हणे,’’ असं त्या म्हणत राहिल्या, आणि मग पातेली तेवढी त्यांनी आमच्या हातातून काढून घेतली. कचरा ज्याचा त्याच्या सॅकमधून घरापर्यंत येतो. ताई आमच्याकडेच आहेत. बाथरूम मी धुतो, आणि त्यांचा पगार तेवढाच आहे.

तुम्हीही कधी कळसूबाईला जाल, किंवा जाऊन आला असाल. तुमच्या घरी कामाला येणाऱ्या बाईंना एकदा विचारा, कोणतं काम तुम्हाला नको वाटतं? त्यांनी सांगितलं तर ते काम त्यांच्याकडून काढून घ्या, आणि पगार कापू नका.