दुपारी दोनची खोली

सदाशिव पेठेतल्या तात्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब तपासले. लेखापरीक्षक म्हणून ते निवृत्त झाले, पण त्यांचं लाल पेन काही निवृत्त झालं नाही. दूधवाल्याचं कार्ड, सोसायटीचा ताळेबंद, नातवंडांची प्रगतिपुस्तकं, सगळ्यांवर ते फिरायचं. त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत घरच्या नऊ जणांनी इमॅजिका या मनोरंजन उद्यानात जायचं ठरलं, तेव्हा हॉटेल कोण निवडणार हे विचारण्याचीही कोणाला गरज वाटली नाही.

तसं पाहिलं तर पुणेकरांना हे काम नवंच. १९५६ साली पेशवे पार्कात फुलराणी ही छोटी आगगाडी सुरू झाली. तिच्यात बसून चक्कर मारली, पिंजऱ्यातला वाघ बघितला, सारसबागेतल्या गणपतीला हात जोडले आणि भेळ खाल्ली की सहल संपली. मग सगळे चालत घरी. पुढे १९८९ मध्ये मुंबईला गोराईत एस्सेलवर्ल्ड झालं. तिथे जायचं म्हणजे मुक्काम आला. पण तेव्हा हॉटेल निवडायचं नसायचं, नातेवाईक निवडायचा असायचा. बोरिवलीची मावशी की दादरचे काका? ज्यांच्याकडे जाणार नाही ते रागावणार, हे धरूनच चालायचं. मग एप्रिल २०१३ मध्ये बोरघाटाच्या पायथ्याशी, खोपोली-पाली रस्त्यावर इमॅजिका उघडलं, पुढच्या वर्षी त्याला वॉटर पार्क जोडलं गेलं, आणि पंचाईत झाली. खोपोलीत कोणाचीच मावशी नव्हती.

तात्यांनी लांबोडकी वही काढली आणि रकाने आखले. भाडं, करासकट भाडं, उद्यानापासूनचं अंतर, नाश्ता धरून की सोडून, एक्स्ट्रा बेडचे किती, गाडी लावायला जागा, लिफ्ट, जनरेटर. शेवटचा रकाना लोकांनी दिलेल्या ताऱ्यांचा. त्यातून तात्या प्रत्येकाचा अर्धा तारा कापत, कारण त्यांच्या मते लोक फुकटच्या नाश्त्याला भुलून तारे देतात.

घरात तट पडलेच. थोरल्याला उद्यानाच्या अगदी दाराशी असलेलं मोठं हॉटेल हवं होतं. धाकट्या सुनेला लोणावळ्याचं, कारण तिथे स्विमिंग पूल होता आणि येताना चिक्की घेता आली असती. खुद्द तात्यांच्या मनात पालीचं भक्तनिवास होतं, पण ते नुसतं स्वस्ताईसाठी, भक्तीसाठी नव्हे. आणि मुलांनी ते बोलणं अर्ध्यातच मोडून काढलं. नऊ वर्षांच्या नातीचा दर काढताना तर तात्या हैराणच झाले. हॉटेल मुलांचे पैसे वयावर घेतं, उद्यान उंचीवर. म्हणजे एकच पोरगी एका दारात मूल आणि दुसऱ्या दारात जवळजवळ मोठं माणूस! असली विसंगती नोकरीत कागदावर सापडली असती, तर त्यांनी खुलासा मागवला असता.

चार रात्री वही चालली. शेवटी लोणावळा जिंकलं. बेत असा, की शनिवारी पहाटे पुण्याहून निघायचं, थेट खाली उतरून उद्यान गाठायचं, दिवसभर खेळायचं, संध्याकाळी घाट चढून लोणावळ्यात झोपायचं, रविवारी पोहायचं आणि घरी. लोणावळा परतीच्या वाटेवर, भाडं दारातल्या हॉटेलाच्या निम्मं. कागदावर बोट ठेवायला जागा नव्हती.

ट्रॅव्हलरवाले मामा ॲडव्हान्स घ्यायला आले ते नेमके दुपारी पावणेदोनला. दारावर 'दुपारी १ ते ४ बेल वाजवू नये' अशी पाटी होती. मामा निगडीचे, त्यांनी पाटी वाचली आणि बेल वाजवली. तात्या डोळे चोळत बाहेर आले. आत त्यांची बायको माई आडवी झाली होती, तिच्या कुशीत अडीच वर्षांचा धाकटा नातू छोटू, आणि धाकटी सून भिंतीला टेकून पेंगत होती.

"लोणावळ्यात राहणार?" बेत ऐकून मामा म्हणाले. "मग खाली कशाला उतरताय काका, वरूनच बघा की."

"का? वाटेवर तर आहे."

"शनिवारी मुंबईची सगळी गर्दी वर चढत असती. उद्यान सुटल्यावर तुम्ही तिच्यातच घुसणार. मुलं उपाशी, तुम्ही दमलेले, आणि पुढं कंटेनर. ते बी जाऊ द्या, घाट काय, एक-दोन तासांनी सरतो. पण दुपारचं काय?"

"दुपारी काय?"

"दुपारी दोनला कोण कुठं असणार?"

तात्यांनी वही उघडली. अंतराचा रकाना होता, डिझेलचा होता, टोलचाही होता. दुपारचा नव्हता.

मग मामांनी उंबऱ्यावर बसून जे सांगितलं ते मला वहीतल्या सगळ्या आकड्यांपेक्षा मोलाचं वाटतं. ते म्हणाले, "आम्ही डायव्हर लोक दिवसभर पार्किंगला असतो. दोन वाजले की एकेक माणूस गाडी हुडकत येतं. कोणाची आजी, कोणाचं बाळ, कोणाचा पाय सुजलेला. मागच्या सीटवर पोरगं, पायरीवर म्हातारी. मी दारं उघडी ठेवतो, पण पत्राच तो, तापायचाच. आणि ह्यांनी खोलीचे पैसे भरलेले असतात बरं का! खोली वर घाटात, कुलूप लावून, एसीची वाट बघत पडलेली."

ॲडव्हान्स घेऊन मामा गेले. तात्यांना पुन्हा झोप लागली नाही. बाजारपेठ एक ते चार बंद ठेवण्याबद्दल सगळ्या महाराष्ट्राची थट्टा ऐकून घेणाऱ्या शहरातला माणूस, सहलीचा बेत करताना नेमकी दुपारच विसरला होता.

संध्याकाळी त्यांनी कोरं पान घेतलं. या खेपेला डाव्या बाजूला हॉटेलांची नावं नव्हती, घरातल्या माणसांची होती. समोर एकच रकाना: दु. २. आणि मग जबान्या सुरू झाल्या.

चौदा वर्षांचा नातू म्हणाला, दोनला मी नायट्रो रोलरकोस्टरच्या रांगेत असेन, मला रात्री उशी मिळाली तरी पुरे. थोरला आणि थोरली सून त्याच्या मागेमागे. नात म्हणाली, उंचीच्या काठीवर ज्यात बसू देतील त्यात. छोटू दीडला पेंगणार, झोप मोडली की चारपर्यंत रडणार, आणि त्याच्यामुळे धाकटी सून. धाकट्यालाही दर अर्ध्या तासाने फोन जाणार. म्हणजे एका पोराच्या झोपेवर तीन माणसांचं तिकीट पणाला लागलं होतं.

माईची पाळी आली.

"मला काय व्हायचंय? बसेन एखाद्या झाडाखाली."

तात्यांनी 'निरंक' लिहिलं आणि पेन थांबलं. ज्या कार्यालयातून सगळे तक्ते निरंक येतात, ते कार्यालय आधी तपासावं, हे त्यांनीच हाताखालच्या पोरांना शिकवलं होतं. काही घडलेलं नसतं म्हणून तक्ता निरंक येतो असं थोडंच. पुष्कळदा विचारणाराच नुसतं पान भरायला विचारत असतो, हे लिहिणाऱ्याला कळून चुकलेलं असतं. माईने लग्नापासून तेच लिहून दिलं होतं. साडी कोणती? कोणतीही. जेवायला काय? जे उरेल ते. गुडघा? दुखतो थोडा.

"जेवणानंतरची गोळी घेतलीस की तासभर तुला डोळा उघडवत नाही," तात्या म्हणाले. "झाडाखाली कशी झोपशील?"

माई काही बोलली नाही.

"आणि जिने?"

"चढताना चालतं. उतरताना धरायला लागतं."

"बाथरूम?"

"कमोड असला तर बरं. बाजूला दांडी असली तर अजून बरं." मग जरा थांबून, "आणि तिथून पाली जवळ आहे ना? थोरल्याच्या वेळी पोटुशी असताना गेले होते बल्लाळेश्वराला. त्यानंतर काही जमलं नाही."

थोरला आता पंचेचाळिशीला टेकला होता.

पान भरलं आणि निवड बदलली. पण थोरल्याला वाटलं तशी दारातल्या हॉटेलाकडेही गेली नाही, कारण तात्या शेवटी तात्याच. त्यांच्या लक्षात आलं, की दुपारभर ट्रॅव्हलर नुसतीच उभी असते आणि मामा झाडाखाली पेपर वाचत असतात. म्हणजे खोली दारात असायची गरज नाही. मधे घाट नसला आणि गाडीने पंधरा-वीस मिनिटांत पोचता आलं की झालं. पाली रस्त्यावरचं एक साधं हॉटेल त्यांनी वहीतून खोडलं होतं. कापाकापी करून त्याचे जेमतेम तीन तारे उरले होते, पूल नव्हता, फोटोतल्या चादरी विटक्या. पण तळमजल्यावर खोल्या होत्या. त्यांनी फोन लावला.

"चेक-इन दोनला," पलीकडून उत्तर आलं.

"दोनलाच का?"

एवढं मूलभूत त्या माणसाला बहुधा कोणी विचारलं नव्हतं. तो खुलून बोलू लागला. आदल्या रात्रीचं गिऱ्हाईक अकराला खोली सोडतं, मग चादरी बदलायच्या, न्हाणीघर धुवायचं, पोरं दोन आणि खोल्या वीस, सगळं आवरेतो दोन वाजतातच.

"मग त्या पोरांना आमची एक खोली आधी करायला सांगा. तिन्ही नकोत, एकच. सव्वाला मिळेल?"

मिळेल म्हणाला. तात्यांनी पुढचं सगळं विचारलं: कमोड, दांडी, गरम दूध, वेळेला मऊ भात, वीज गेली तर पंखा. आणि हे सगळं त्याच्याकडून मोबाइलवर लिहून मागवलं, कारण तोंडी आश्वासनाला हिशेबात जागा नसते.

माईने त्या पानावरून नजर फिरवली. "तुमच्या नावापुढे काय लिहिलंय?"

"निरंक," तात्या म्हणाले. "मी तळजाई रोज चढतो."

शनिवारी सगळं बेतल्याप्रमाणे झालं. दीडच्या सुमाराला छोटू, धाकटी सून आणि माई ट्रॅव्हलरमध्ये बसून गेली. छोटू गाडीतच झोपला आणि उचलून ठेवला तरी उठला नाही. धाकटी सूनही तासभर आडवी झाली. घरी तिला आठवड्यातून एकदाही ते जमत नव्हतं. मागे राहिलेल्यांना कोणाला फोन करायला लागला नाही, की कोणाचा आला नाही. नातू नायट्रोत तीनदा बसून आला.

तात्या अडीचपर्यंत ताठ फिरले. मग त्यांना रांगा लांब वाटू लागल्या, स्पीकरवरचं संगीत कर्कश वाटू लागलं, आईस्क्रीमचा दर अन्यायाचा वाटू लागला. एका बाकावर बसले तर तो तापलेला. थोरल्याला म्हणाले, "हॉटेलवाल्याने लिहून दिलंय तसं दिलंय का, प्रत्यक्ष पडताळणी करून येतो."

मामा पेपर बाजूला ठेवून उठले. काही विचारलं नाही.

खोलीत पडदे ओढलेले होते. तात्या पाय न वाजवता पलंगाच्या कडेला टेकले.

"निरंक ना?" माईने डोळे मिटल्या मिटल्याच विचारलं.

पाच वाजता त्यांना छोटूने उठवलं.

रविवारी सकाळी पालीला गेले. रिवाजाप्रमाणे आधी मागच्या धुंडीविनायकाचं दर्शन, मग बल्लाळेश्वराचं. माई नातीला सांगत होती की आठ विनायकांमध्ये भक्ताच्या नावाने ओळखला जाणारा हा एकटाच. बल्लाळ नावाच्या एका लहान मुलाचा हा देव. नातीने विचारलं, त्याची उंची किती होती?

सहलीची बातमी सोसायटीत पसरायला वेळ लागला नाही. नाताळच्या आधी तिसऱ्या मजल्यावरचे जोशी वही बघायला आले. तात्यांनी शोधून काढलेलं स्वस्तातलं ते हॉटेल त्यांना हवं होतं.

"तुमच्यात दुपारी कोण झोपतं?" तात्यांनी विचारलं.

जोशांना प्रश्न कळला नाही. ते, त्यांची बायको आणि कॉलेजातली दोन मुलं. चौघेही डिसेंबरात सिंहगड पायी चढणारे.

"मग लोणावळ्याला राहा. पूल आहे, नाश्ता चांगला आहे, येताना चिक्की घ्या. घाटात तास गेला तर पोरं गाणी लावून बसतील."

जोशी जरा हिरमुसले. चांगलं हॉटेल तात्या स्वतःपुरतं दडवून ठेवताहेत असं त्यांना वाटलं असावं. "पण तुम्ही तर तिकडे खाली राहिलात म्हणे. तेच चांगलं होतं ना?"

"चादरी विटक्या होत्या," तात्या म्हणाले. "पण आमच्यात छोटू होता, माई होती." मग वही मिटता मिटता त्यांनी जोडलं, "आणि मी होतो."