सांत्वनाचा काळ

ज्यू धर्मग्रंथ शोकाला विधी देतात आणि ख्रिस्ती धर्मग्रंथ त्याला आशा देतात, अशी विभागणी धर्मांच्या तौलनिक विवेचनात बरीच रूढ झालेली आहे. तीत तथ्य आहे. पण मृतदेह समोर आहे हे ती गृहीत धरते. तो हाती लागलाच नाही, तर शोकाचा आरंभ केव्हा मानायचा आणि सांत्वन कोणत्या क्षणापासून नैतिक ठरते?

रायगड जिल्ह्याला हा प्रश्न अपरिचित नाही. येथील किनाऱ्यावरील बेने इस्राएल समाज आपला आरंभ नवगावजवळच्या जहाजफुटीत पाहतो. सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या आणि लाटांनी आणलेले मृतदेह नवगावला पुरले गेले, असे परंपरा सांगते. म्हणजे ह्या समाजाची सामूहिक स्मृती दफनापासून सुरू होते. ह्याच जिल्ह्यात, कर्जत-खालापूरच्या डोंगरपट्ट्यात, असे दफनही अनेकांच्या वाट्याला आले नाही. १९ जुलै २०२३च्या रात्री खालापूर तालुक्यातील इरशाळवाडी ह्या ठाकर आदिवासींच्या वाडीवर दरड कोसळली. २३ जुलैला शोधकार्य थांबविण्यात आले तेव्हा २७ मृतदेह मिळाले होते आणि ५७ माणसे बेपत्ता होती. ठाकरांच्या मृत्युविधींना त्यांचा स्वतंत्र अर्थ आहे. तो बायबलमध्ये शोधण्याचे कारण नाही. पण ह्या घटनेने उभा केलेला प्रश्न घेऊन बायबलकडे जाता येते.

‘उत्पत्ती’मध्ये याकोबासमोर योसेफाचा देह नसतो, रक्तात बुडवलेला झगा असतो. मुले समजूत घालतात. तो ती नाकारतो. रब्बींच्या भाष्यपरंपरेने ह्या नकाराचा अर्थ असा लावला, की मृताचे विस्मरण काळ घडवून आणतो, जिवंताचे नाही. योसेफ जिवंत असल्यामुळेच सांत्वन याकोबाच्या मनात ठरू शकत नाही. नकार येथे दौर्बल्य नसून अजाणता झालेले ज्ञान आहे. मृत समोर असताना आप्तांचे सांत्वन करू नये, असे मिश्ना सांगते. सोळाव्या शतकातील ‘शुल्हान आरूख’ ही संहिता पुढचे पाऊल टाकते: मृतदेह सापडत नसेल, तर आप्तांनी शोधाची आशा सोडल्यापासून शोकाचे दिवस मोजावेत. ह्या नियमाचा कर्ता आप्त आहे, हे लक्षणीय होय.

ख्रिस्ती संहिता ह्याच्या अगदी उलट आहे असे मात्र म्हणता येत नाही. यिर्मयाच्या ग्रंथात मुलांसाठी रडणारी राहेल सांत्वन नाकारते आणि लगेच मुले परत येतील असे आश्वासन तिला मिळते. बेथलेहेममधील बालहत्येच्या संदर्भात मत्तय तो विलाप उद्धृत करतो, पण आश्वासनाच्या अलीकडेच थांबतो. योहानाच्या शुभवर्तमानात लाजराला आपण उठवणार हे ठाऊक असूनही येशू रडतो. पौलही थेस्सलनीकाकरांना शोक वर्ज्य करत नाही. आशाहीनांसारखा शोक करू नका, एवढेच सांगतो.

तरीही भेद उरतो. पौल ज्या पुनरुत्थानाच्या आधारे एकमेकांना धीर देण्यास सांगतो, ते सांत्वन कोणत्याही क्षणी उच्चारता येते. त्याला आप्तांच्या निराशेची वाट पाहावी लागत नाही. ज्यू धर्मशास्त्र सांत्वनाच्या आशयापेक्षा त्याच्या काळाची चिंता अधिक करते. पहिल्या भूमिकेत सांत्वन घाईने येण्याचा धोका आहे, दुसरीत शोक नियमांत बंदिस्त होण्याचा. मत्तयाचे मौन आणि येशूचे अश्रू ख्रिस्ती परंपरेच्या आतूनच पहिला धोका ओळखतात, तर आप्तांची निराशा हाच आरंभबिंदू मानणारा नियम ज्यू परंपरेच्या आतून दुसरा.

शोध थांबविण्याचा दिवस प्रशासनाला ठरवावाच लागतो. त्यावाचून मृत्यूची नोंद होत नाही, मदत मिळत नाही आणि शोध घेणाऱ्यांचे जीवही धोक्यात राहतात. परंतु तो दिवस हाच आप्तांच्या आशेचा शेवट असे गृहीत धरले, की नोंदवहीतील दिनांक शोकाची सीमा होऊन बसतो. ५७ माणसांच्या आप्तांनी आशा कोणत्या दिवशी सोडली, किंवा सोडली की नाही, हे २३ जुलै ह्या तारखेवरून कळत नाही. ते त्यांना स्वतःच ठरवू देणे, ही सांत्वन करू इच्छिणाऱ्याची पहिली जबाबदारी होय.